फोनला गल्ली नसते

प्रिय लेस्टरकर बाईसाहेब,

तुझा व्हॉइस मेसेज पोळ्या लाटता लाटता ऐकला. ‘मुलांकडे तुझा मोबाइल नंबर आहे?’ हे तू ज्या सुरात विचारलंस, त्या सुरात आपल्याकडे ‘रात्री दाराला कडी लावत नाही?’ असं विचारतात. आहे बाई. मुलांकडे आहे, त्यांच्या आयांकडे आहे, पुण्याला कंपनीत असलेल्या चुलत्यांकडे आहे. दहावीच्या फॉर्मवर पोरीच्या आईचं नाव चुकलं म्हणून मागे धावपळ करणारे एक रिक्षावाले मामा होते, त्यांच्याकडेही आहे आणि ते अजून मला रोज सकाळी गणपती पाठवतात. तालुक्याच्या गावात बाईंचा नंबर कुणी बाईंना विचारून घेत नाही.

हा विषय मी उगीच नव्हता काढला. शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी फोनवर आणि शाळेबाहेर कसं वागावं याची पानभर नियमावली लिहायचं काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलंय. माझ्याच का, तर मी मराठी शिकवते. शाळेत मराठीच्या शिक्षकाकडे फलकलेखन, अहवाल, आभारप्रदर्शन, निरोप समारंभाचं मानपत्र हे सगळं आपोआप येतं, तशी आता आचारसंहिताही आली. येत्या शनिवारी स्टाफ मीटिंग आहे. पान अजून अर्धं कोरंच आहे, आणि तुला लिहायला बसलं की मला सुचतं, हे तुला बी.एड.पासून माहीत आहे. तेव्हा सोस.

आधी हे सांगते की मुलं रात्री मेसेज का करतात. तुला वाटलं तसा तो निव्वळ आगाऊपणा नाही. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, दीक्षा ॲपच्या लिंका आणि वहीच्या पानांचे फोटो हीच शाळा उरली. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात. बाप संध्याकाळी कामावरून आला की पोराला फोन मिळायचा. मग जेवणं उरकल्यावर, रात्री नऊ-दहाला, ‘मॅडम, समास कळला नाही’. आम्हीही उत्तरं दिली, आणि कौतुक झालं आमचं. शाळा उघडल्या, पण ग्रुप राहिले, वेळाही राहिल्या. फक्त फोन आता पोरांचे स्वतःचे आहेत. नववीतल्या बऱ्याच जणांकडे आहेत. आणि ‘समास कळला नाही’च्या जागी ‘मॅडम झोपलात का’ आलं आहे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मुलांच्या घरी जाणं. तू म्हणालीस, तुमच्याकडे इंग्लंडात एकट्या शिक्षिकेने असं उठून मुलाच्या घरी जाणं बसतच नाही. आमच्याकडे ते केलं नाही तर नोकरीच होत नाही गं. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं की दारोदार फिरायचं असतं. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, नगरकडून टोळ्या येतात. फडाजवळच्या कोप्यांमधून पोरं शोधून आणावी लागतात, त्यांच्या आयांची समजूत घालावी लागते, धाकट्याला कोण सांभाळणार या प्रश्नाचं उत्तरही आपणच द्यावं लागतं. आठ दिवस पोरगी आली नाही तर तिच्या घरी जाऊन चहा प्यावा लागतो. त्या चहात साखर किती यावरून कळतं की पोरीचं काही जमवायचं चाललंय का. हे कुठल्या परिपत्रकात नाही, पण कामाचा निम्मा भाग हाच आहे.

त्यात आपल्या डोक्यावर साने गुरुजी. हसू नकोस. नियमावलीसाठी कागद घेतला तर पहिले तेच समोर येऊन बसले. १९२४ला ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात लागले, छात्रालय सांभाळायचे, आजारी मुलाचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे, मुलांची कामं न बोलता करून टाकायचे. आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे हेच चित्र आहे. किती जवळ गेला यावर शिक्षकाची माया मोजतात. हातचं राखून शिकवणारा कितीही हुशार असला तरी ‘बरा आहे, पण कोरडा’. म्हणून ‘मर्यादा’ म्हटलं की आमच्या स्टाफरूममध्ये लगेच कपाळाला आठ्या पडतात. कोरडे व्हा असं सांगताय का आम्हाला?

मी परवा यावर विचार करत बसले होते. गुरुजींनी ही सगळी माया छात्रालयात केली, म्हणजे सगळ्या मुलांच्या देखत. ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे, ते सगळ्या मुलांनी वाचायचं. मुलांना जे सांगायचं ते असं मांडून ठेवलेलं. जवळीक अफाट, पण झाकलेलं काही नाही. आता आमच्या कोपीवरच्या भेटी बघ. मी फाट्यावर उतरले की शेंबड्या पोरापासून मुकादमापर्यंत सगळ्यांना कळतं, बाई कुणाकडे आल्या. गल्लीत शिरले की उंबऱ्यावर भाजी निवडणाऱ्या बायका विचारतात, कुणाचा नंबर लागला आज? म्हणजे आपल्याकडे लेखी नियम नव्हता हे खरं, पण चारचौघं होते. जे काही व्हायचं ते त्यांच्यासमोर व्हायचं.

फोनला गल्ली नसते. तिथे एक सर, एक मुलगी आणि रात्रीचे साडेअकरा. मुलगी चादरीत, घरचे शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर. कुणी उंबऱ्यावर नाही, कुणी ‘कुणाकडे आलात’ विचारत नाही. गुरुजींची ती माया याच खासगी खिडकीत नेली की तिचं काय होतं, हे आता मला नीट दिसायला लागलंय. आणि नेणारा प्रत्येक जण वाईट हेतूनेच नेतो असंही नाही, म्हणून तर ते अवघड.

थांब, गल्लीला मी फार चढवून ठेवते आहे. ती काही धुतल्या तांदळाची नव्हती. आपल्या शाळेच्या दिवसांत अमुक मास्तर ‘तसले’ आहेत हे सगळ्या मुलींना माहीत असायचं, त्यांच्या तासाला पुढच्या बाकावर कोण बसणार यावरून भांडणं व्हायची, आणि त्यांच्या सत्काराला गाव जमायचं. गल्ली बघायची, पण जाब मास्तरांना विचारायची नाही, मुलीला विचारायची. ‘बरं दिसत नाही’ हे आपण मुलींना किती सहज म्हणतो! एखाद्या सरांना कुणी म्हटलेलं तू ऐकलं आहेस?

एक प्रकरण सांगते. आमच्या शाळेतलं नाही, फार लांबचंही नाही. मुलगा तरुण, नवा लागलेला, विज्ञान उत्तम शिकवायचा, प्रयोग करून दाखवायचा. खरंच चांगला शिक्षक. नववीतल्या एका मुलीला त्याने मेसेज केला, छान उत्तर लिहिलंस. झालं, यात काय वाईट? मग, तुझ्याइतकी समजूतदार वर्गात कुणी नाही. मग तिच्या घरातल्या कटकटी ऐकून घेणं. मग फोनचा रिचार्ज संपला तर तो टाकून देणं. मग, ‘हे आपल्यातच राहू दे, बाकीच्यांना उगाच वाटेल.’ एकेक मेसेज वेगळा काढून वाचला तर कुठल्याही चांगल्या सरांचा वाटेल. ओळीने वाचले की अंगावर काटा येतो. पुढचं काही घडायच्या आत बापाने फोन पाहिला. संस्थेने सरांना दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं. मुलीला मामाकडे धाडलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात नेहमीचं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. गावात चर्चा झाली ती मुलीची. सरांची नव्या गावात पाटी कोरी, तिथेही म्हणे फार लोकप्रिय आहेत.

मला या गोष्टीत सगळ्यात खटकतं ते हे की त्या शाळेत ‘छान उत्तर लिहिलंस’ आणि ‘आपल्यातच राहू दे’ यांच्या मध्ये कुठेतरी कुणीतरी नक्की पाहिलं होतं. ती रोज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत थांबते हे शिपायालाही दिसत होतं. पण बोलायचं काय आणि कुणाशी? आपल्याकडे शिक्षकासाठी दोनच कप्पे आहेत, देवमाणूस किंवा आरोपी. मधला कप्पाच नाही. खाजगी शाळांची १९८१ची सेवाशर्ती नियमावली काढून बघितली, तीत ‘नैतिक अधःपतन’ असा भारदस्त शब्द आहे. पण अधःपतन झाल्यावरचं सगळं आहे, घसरताना काय करायचं ते नाही. साध्या शंकेसाठी एवढा मोठा शब्द कोण उच्चारणार? म्हणून सगळे गप्प बसतात आणि मग एकदम पोलीस येतात.

इथे तुमच्या लोकांचं मला मनापासून कौतुक वाटलं. तू मागे सांगितलेलं ते ‘लो-लेव्हल कन्सर्न’ प्रकरण मी नंतर वाचून काढलं. तुमच्या ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या मार्गदर्शिकेत ते २०२१ला आलं ना? कुणी मुलांशी जरा जास्तच सलगी करतंय, कुणाची आवडती-नावडती ठरलेली आहेत, कुणी स्वतःच्या फोनवर मुलांचे फोटो काढतंय, कुणी एका मुलाला घेऊन दार लावून बसतंय, अशा गोष्टी. आरोप नाही, गुन्हा नाही, फक्त लिहून ठेवायचं आणि ठरलेल्या माणसाला सांगायचं. स्वतःबद्दलही सांगता येतं, हे मला फार आवडलं. म्हणजे ‘आज मला अमुक मुलाला एकट्याला गाडीतून सोडावं लागलं, नोंद असू द्या.’ हाच तो मधला कप्पा. मी नियमावलीत तो घुसवणार आहे, नाव मात्र साधं ठेवणार, ‘नोंदवही’. नाहीतर आमचे लोक नावावरच दोन तास घालवतील.

तुमचा २००३चा कायदाही मला पटतो. संमतीचं वय सोळा, पण समोरचा मुलीचा शिक्षक असेल तर अठरा. अधिकाराच्या जागेवरच्या माणसासमोर पोरीच्या ‘हो’ला काही अर्थ नसतो, हे तिथे कायद्याने मान्य केलं. २०२२ला त्यात खेळाचे प्रशिक्षक आणि धर्मगुरूही आले. आपल्याकडे २०१२च्या पॉक्सोत अठराच्या आतलं सगळं मूलच, आणि गुन्हा करणारा शाळेतला कर्मचारी असेल तर तो आणखी गंभीर धरला जातो, शिक्षा वाढते. लैंगिक हेतूने मुलाशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, मग ते फोनवरून का असेना, हाही त्यात गुन्हा आहे. कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाने न कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद. कायदा दणकट आहे गं. पण मुख्याध्यापकांच्या मनात पहिलं वाक्य येतं ते ‘संस्थेचं नाव जाईल’.

बदलापूर तुला तिकडेही कळलंच असणार. २०२४चा ऑगस्ट. बालवर्गातल्या दोन लहानग्या, आरोपी शाळेतला सफाई कर्मचारी, तक्रार लिहून घ्यायला पोलिसांनी तासन् तास लावले, २० ऑगस्टला लोक रेल्वेरुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही घटना न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. त्यानंतर आठवड्याभरात आमच्याकडे कागदांचा पूर आला. सीसीटीव्ही बसवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समिती स्थापन करा. समिती तर २०२२च्याच शासन निर्णयात होती, पण कागदावर. आता फलक लागला. सीसीटीव्हीही लागले, ते व्हरांडा बघतात. कॅमेरा सरांच्या इनबॉक्सवर कोण लावणार? आणि तक्रारपेट्या! मी तालुक्यातल्या ज्या ज्या शाळांत परीक्षेच्या कामाला गेले, तिथे तिथे ती मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, शिपायाच्या स्टुलाच्या बरोबर वर टांगलेली. चिठ्ठी टाकणारं पोर साऱ्या शाळेला दिसावं अशी सोय. मी आमची पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात लावायला लावली. मोठ्या बाई म्हणाल्या, तिथे कुणाला दिसणार? म्हटलं, म्हणूनच.

फोटोंचं तर विचारूच नकोस. तुमच्याकडे मुलाचा फोटो काढायला पालकांची सही लागते, आमच्याकडे फोटो न काढला तर नोटीस येते. वृक्षारोपण झालं, फोटो पाठवा. पोषण आहारात केळी दिली, फोटो पाठवा. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर रात्री आठपर्यंत फोटो पडला नाही तर कार्यक्रम झालाच नाही असं समजतात. एकदा तर शासनाचा आदेश होता की २०१७च्या जानेवारीपासून महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी शिक्षकांनी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ पोर्टलवर चढवायच्या, म्हणे हजेरी कळावी. ओरडा झाला, बारगळलं. पण सवय लागली ती लागलीच. आज राज्यातल्या कुठल्याही शिक्षकाचा फोन उघड, गॅलरी दुसऱ्यांच्या लेकरांनी भरलेली. वर रील्स. प्रार्थनेच्या वेळी नाचणारे सर, त्यांच्यामागे नाचणारी चौथी. लाखो लोक बघतात, पालकही खूश. मला ते बघवत नाही. त्यातली एखादी मुलगी चेहरा लपवत असते, ती मला दिसते आणि मग बाकी काही दिसत नाही. आमच्यापुरता मी तोडगा काढलाय, शाळेचा एक टॅब, फोटो त्यातूनच काढायचे, त्यातूनच पाठवायचे, कुणाच्या फोनमध्ये उतरवायचे नाहीत. टॅबची बॅटरी जेमतेम तासभर टिकते, ही अडचण आहे.

शनिवारच्या आधीच स्टाफरूममध्ये कुणकुण लागली. एक ज्येष्ठ सर फुरंगटलेत, तीस-पस्तीस वर्षं काढली, आता आमच्यावर संशय? त्यांना काय सांगू? तुमच्यावर नाही, तुमच्यासारखं दिसणाऱ्यावर आहे, असं म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. आमच्या इंग्रजीच्या नव्या मॅडमना वाटतं, मुलांशी मैत्रिणीसारखं वागलं की ती खुलतात. त्यांच्या इन्स्टाग्रामवर अख्खी दहावी ‘ब’ आहे. त्यांनी साडीतला फोटो टाकला तर मागच्या बाकावरचे वीर खाली बदाम टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना त्याच वीरांवर ओरडायचं असतं. मागे आमच्याच एका शिक्षिकेच्या फोटोचं पोरांनी स्टिकर केलं, त्याखाली काय लिहिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ती बिचारी आठवडाभर रजेवर होती. तेव्हा ही मर्यादा आपल्याही अंगावरचं पांघरूण आहे, हे मी मीटिंगमध्ये ठासून सांगणार आहे. मुलांना मित्रमैत्रिणी भरपूर असतात, त्यात आपली भर कशाला?

पीटीच्या सरांचा प्रश्न मात्र खरा निघाला. कबड्डीची पकड हात न लावता कशी शिकवू? बरोबर आहे. तालुक्याला, जिल्ह्याला स्पर्धा असतात, मुलींचा संघ न्यायचा, मुक्काम असतो, आणि शाळेत पीटीला बाई नाही. मग मी लिहिलं, पकड सगळ्या संघासमोर शिकवायची, आधी सांगायचं की हात कुठे लावणार, आणि मुक्कामाला दोन मुलींच्या आया बरोबर. सर लगेच तयार झाले, म्हणाले, मलाच निवांत झोप येईल.

मोटारसायकलवर पोचवायचा मुद्दाही असाच. पाचवीपासून बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, त्यामुळे वाड्यावस्त्यांवरच्या मुली टिकल्या, पण शेवटची गाडी सव्वापाचला. दहावीचे जादा तास पाचला संपायचे, खडू हातात असलेल्या माणसाला पाच म्हणजे सव्वापाचच वाटतात. गाडी गेली की सर मोटारसायकल काढणार, मुलगी मागे बसणार, पुढचे सात किलोमीटर सुनसान. नियम काय करू, ‘मोटारसायकलवर बसवू नये’? मग ती मुलगी घरी कशी जाणार? दोन दिवस डोकं खाल्ल्यावर लक्षात आलं की हा नियम सरांसाठी नाही, वेळापत्रकासाठी लिहायला हवा. जादा तास सकाळी शाळेच्या आधी. गाडी चुकायचा प्रश्नच नाही. सरांच्या चारित्र्यावर एक ओळही खर्च न करता काम झालं.

घरच्या शिकवण्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं अठ्ठाविसावं कलम शिक्षकाला खाजगी शिकवणी नको म्हणतं, आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणाच्या दारात किती सायकली असतात ते तुला तोंडपाठ आहे. ज्या मुलाची फी घेता त्याचाच पेपर तपासता, हीदेखील मर्यादाच. पण ती पहिल्याच मीटिंगला काढली तर बाकीचं पान चुलीत जाईल. ते पुढच्या जूनमध्ये.

फोनपुरतं मी असं योजलंय. वर्गाच्या ग्रुपमध्ये दोन शिक्षक आणि पालक-शिक्षक संघातली एक आई ॲडमिन. रात्री आठनंतर ग्रुप बंद. मुलाने खासगीत विचारलं तर उत्तर ग्रुपवर, नाव न घेता. बोलावंच लागलं तर आईच्या फोनवर. रिचार्ज, भेटवस्तू, ‘कुणाला सांगू नको’ ही तिन्ही एकदम बाद. समाजमाध्यमांवर बारावी होईपर्यंत कुणालाही जोडून घ्यायचं नाही, मग पेढे घेऊन आलात की खुशाल या. (माझे काही माजी विद्यार्थी आता माझ्यापेक्षा पांढरे झालेत, ते मला रोज राजकारण पाठवतात. त्यांना बाद करायचा नियम मिळाला तर तोही हवा.) सगळ्यात एकच धागा आहे हे तुझ्या लक्षात आलं असेल. माया करा, घरी जा, डबा खाऊ घाला, फॉर्मचे पैसे भरा, पण कुणीतरी तिसरं माणूस त्यात असू द्या.

आणि इथेच मी अडकले आहे.

मागच्या वर्षी लग्नसराईत एका मुलीचा मेसेज आला. रात्री, फार उशिरा. ‘बाई, रविवारी मला बघायला येणारेत. घरी सांगू नका.’ दहावीत होती. माझाच नियम लावला असता तर ग्रुप आठला बंद, खासगीत उत्तर द्यायचं नाही, बोलायचं तर आईच्या फोनवर. आणि आईनेच ते स्थळ आणलं होतं! म्हणजे जो तिसरा माणूस मी प्रत्येक ओळीत घालते आहे, तोच तिच्या बाबतीत दाराला कडी लावून उभा. ‘कुणाला सांगू नको’ हे वाक्य मी सरांच्या तोंडी बाद केलं, पण तेच मुलीच्या तोंडी आलं तर? त्या रात्री मी तिला ‘वाचलं, उद्या बोलू’ एवढंच लिहिलं आणि लगेच मोठ्या बाईंना फोन लावला. सकाळी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला कळवलं. आमच्याकडे ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, तोही आला. लग्न टळलं, सध्यापुरतं. मुलगी अकरावीला आहे, माझ्याशी बोलत नाही. तिच्या मते मी घरी सांगितलंच.

तेव्हा आता पानाच्या शेवटी मी लिहिलंय की संकटाचा मेसेज कुठल्याही वेळी आला तरी वाचायचा, दोन ओळींत उत्तर द्यायचं, आणि त्याच घटकेला दुसऱ्या शिक्षिकेला कळवायचं, आणि ‘मी एका माणसाला सांगणार आहे’ हे मुलीला आधीच सांगायचं. ते शेवटचं मी तेव्हा सांगितलं असतं तर तिने पुढे काही लिहिलंच नसतं, असंही मला वाटतं. पण मग संकट म्हणजे काय हे कोण ठरवणार? ‘मॅडम झोपलात का’ हेही संकट असू शकतं. उघडून वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वाचलं की निळ्या खुणा तिकडे दिसतात.

तुमच्याकडे ते सेफगार्डिंगचं काम बघणारं एक ठरलेलं माणूस असतं असं तू म्हणाली होतीस. मला हे सविस्तर कळव. त्या माणसाला त्या कामाचे तास मिळतात का, की आमच्यासारखं सगळं सांभाळून वर हे? सुट्टीत कोण बघतं? मूल रात्री शाळेच्या ईमेलवर लिहीत असेल, तर सकाळपर्यंत ते तसंच पडून राहतं का? आणि मूल म्हणालं ‘सांगू नका’, तर तुम्ही नेमकी कुठली वाक्यं बोलता? शब्द दे मला, तत्त्वं नकोत, तत्त्वं माझ्याकडे पानभर आहेत. तुमचा तो नोंदीचा कोरा फॉर्मही फोटो काढून पाठव. शाळेच्या टॅबवर नको, माझ्याच नंबरवर, तो तर सगळ्यांकडेच आहे. शुक्रवार रात्रीपर्यंत मिळालं तर बरं, तुमची दुपार असेल तेव्हा.

तिकडची थंडी कमी झाली का? मेतकूट संपलं असेल तर सांग, ओळखीच्या एका मावशींची भाची एप्रिलमध्ये लंडनला निघाली आहे.

तुझी,
बी.एड.च्या बाकावरची शेजारीण